कोबेची नुनोबिकी हर्ब बाग: एका दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओसाकात राहते. जपानला निघालेले नातेवाईक, त्यांच्या ओळखीचे आणि त्यांच्याही ओळखीचे मला या बागेबद्दल विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, तेवढ्या निघण्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

१. हे नक्की आहे काय? बाग आहे की थीम पार्क?

बागच, हर्बची म्हणजे सुगंधी आणि औषधी झाडांची, पण डोंगरउतारावर वसवलेली आणि रोपवेने जायची. कोबे शहराच्या मागे रोक्को डोंगररांग आहे. तिच्या उतारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीपर्यंत ही बाग पसरली आहे. १९९१ साली ती सुरू झाली. लहानमोठ्या १२ बागांत मिळून सुमारे २०० जातींची ७५ हजारांच्या आसपास झाडं आहेत. गुलाबाची बाग वेगळी, लॅव्हेंडरची वेगळी, स्वयंपाकात लागणाऱ्या पानांची वेगळी. शिवाय एक मोठं काचघर आहे, सुगंधाचं छोटं संग्रहालय आहे आणि माथ्यावर जर्मनीतल्या वार्टबुर्ग किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेली इमारत आहे. पाळणे, घसरगुंड्या, वेगवान राइड्स असलं काही इथे नाही. मुलांना तशी आशा दाखवून आणू नका (प्रश्न १३ पाहा).

२. ओसाकाहून किंवा क्योतोहून कसं जायचं?

ओसाका स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) ‘शिन-कायसोकु’, म्हणजे विशेष जलद गाडी पकडा. कोबेच्या मध्यवर्ती सान्नोमिया स्टेशनला ती वीस-बावीस मिनिटांत पोहोचते आणि नेहमीच्या तिकिटावर चालते, जलदचे वेगळे पैसे लागत नाहीत. क्योतोहून हीच गाडी पाऊण ते एक तास घेते. सान्नोमियाला उतरून भुयारी रेल्वेने एकच स्टेशन पुढे गेलं की शिन-कोबे येतं. तिथून रोपवेचं खालचं स्टेशन पाच मिनिटांच्या चालीवर, मोठ्या हॉटेलच्या शेजारीच आहे.

जेआर पास (परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास) असेल तर शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, थेट शिन-कोबे गाठा. जेमतेम तेरा मिनिटं लागतात. हिकारी, साकुरा किंवा कोदामा या गाड्यांत बसा. नोझोमी आणि मिझुहोला पासवर जादा पैसे द्यावे लागतात. भुयारी रेल्वेवर आणि रोपवेवर हा पास चालत नाही, हे बऱ्याच जणांना तिकीटखिडकीवर गेल्यावर कळतं.

३. तिकीट किती? बागेचं वेगळं काढावं लागतं का?

रोपवेच्या तिकिटातच बागेचा प्रवेश येतो. मोठ्यांचं येण्याजाण्याचं तिकीट साधारण २,००० येन आहे आणि मुलांना सवलत मिळते. सध्याच्या दराने १,००० येन म्हणजे अंदाजे साडेपाचशे ते सहाशे रुपये धरा. संध्याकाळी पाचनंतरचं तिकीट स्वस्त असतं, पण त्यात बाग दिसत नाही. ते का, हे प्रश्न १७ मध्ये सांगितलं आहे.

४. दोन तासांत उरकेल का? आमचा दुपारनंतर ओसाका किल्ला आहे.

दोन तासांत रोपवेने वर जाऊन, फोटो काढून, खाली येता येतं. मग बाग बघितली असं मात्र म्हणता येणार नाही. निदान साडेतीन तास हाताशी ठेवा. रोपवेची दहा मिनिटं, माथ्यावरचा एक तास, उतरत्या वाटेने बागांतून फिरायला दीड तास आणि काचघरात अर्धा तास, वर थोडा वेळ शिलकीत, असा तो हिशेब. किल्ला दुसऱ्या दिवशी करा. उरलेल्या दिवसात कोबेतच काय बघण्यासारखं आहे ते प्रश्न १८ मध्ये आहे.

५. वर चालत जाऊन खाली रोपवेने यायचं की उलट?

सगळ्या पानात मला सर्वांत जिव्हाळ्याचं हेच उत्तर आहे. रोपवेने थेट माथ्यावर जा आणि बागांतून चालत खाली मधल्या स्टेशनपर्यंत या.

रोपवेला तीन स्टेशनं आहेत: पायथा, मधलं ‘काझे नो ओका’ (अर्थ ‘वाऱ्याची टेकडी’) आणि माथा. बहुतेक सगळ्या बागा मधल्या स्टेशनपासून माथ्यापर्यंतच्या उतारावर आहेत. माथ्यावर उतरून तिथला चौक, गुलाबाची बाग, संग्रहालय बघायचं, मग वळणावळणाच्या वाटेने खाली यायचं. वाटेत लॅव्हेंडर, औषधी झाडं, भाजीपाल्याची बाग आणि काचघर लागतं आणि शेवटी मधल्या स्टेशनजवळची फुलांची उतरण येते. तिथून उरलेलं अंतर पुन्हा रोपवेने. असं केलं की चढ लागत नाही, समोर सतत शहर आणि ओसाकाचा उपसागर दिसत राहतो आणि वास एकामागून एक येत जातात.

जे उलट करतात ते दमतात, आणि दमलेला माणूस झाडापाशी वाकत नाही. इथे वाकल्याशिवाय काही हाती लागत नाही. लोक माथ्यावरच्या इमारतीसमोर फोटो काढून आल्या पावली परतताना बघते, तेव्हा अगदी हळहळ वाटते. बाग त्यांच्या पायाखालच्या उतारावर असते आणि ते तिच्यावरून तरंगत निघून जातात.

६. लॅव्हेंडरची जांभळी शेतं दिसतील ना? तशा फोटोंसाठीच यायचं आहे.

नाही. क्षितिजापर्यंत पट्टेच पट्टे दिसतात ते फोटो होक्कायदोतल्या फुरानोचे असतात. फुरानो उत्तरेला, थंड हवेत आहे आणि तिथला बहर जुलैत असतो. कोबेत लॅव्हेंडरचा एक टुमदार वाफा-वाफ्यांचा भाग आहे, शेत नाही. युरोपातलं अस्सल लॅव्हेंडर कोरड्या हवेचं झाड आहे. जपानच्या दमट उन्हाळ्यात त्याची मुळं कुजतात. शेतांचे फोटोच हवे असतील तर फुरानोला जा, इथे येऊन हिरमुसू नका. झाडं जवळून बघायची असतील तर मात्र ही जागा जास्त चांगली.

७. कोणत्या महिन्यात काय बघायला मिळतं?

मे महिना मला सर्वांत आवडतो. गुलाब भरात असतात, कॅमोमाइलची पांढरी फुलं असतात, हवा कोरडी असते. जूनपासून लॅव्हेंडर, पण त्याच सुमारास जपानचा पावसाळा ‘त्सुयु’ लागतो आणि तो जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोबेची दुपार मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिकीत असते. तेव्हा सकाळीच जा. ऑक्टोबरमध्ये गुलाबांचा दुसरा बहर येतो, साल्व्हियाच्या निळ्या-लाल रांगा उभ्या राहतात आणि नोव्हेंबरात आजूबाजूचा डोंगर लालपिवळा होतो. हिवाळ्यात बाहेर फारसं काही नसतं, भिस्त काचघरावर. दर हिवाळ्यात देखभालीसाठी रोपवे काही दिवस बंद असतो. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्यांनी तारखा नक्की तपासाव्यात.

साकुरासाठी (चेरीच्या बहरासाठी) मार्चअखेर येणाऱ्या मंडळींनी हे आधीच समजून घ्यावं की तेव्हा बाग नुकती जागी होत असते.

८. फुलं नसतील तर नुसती पानं बघायला कशाला जायचं?

कारण ही बाग मुळात पानांची आहे. आणि त्यातली निम्मी पानं तुमच्या नात्यातली निघतील.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या. एका वाफ्यापाशी ती वाकली, बारीक राखाडी-हिरव्या पानांवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाली, “अगं, हा तर मरवा!” पाटीवर ‘मार्जोरम’ लिहिलं होतं. गजऱ्यात अबोलीबरोबर गुंफतात तोच मरवा. युरोपात तो सूपमध्ये आणि मांसावर घालतात हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

पुढे तिने स्वतःच झाडं शोधायला घेतली. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. डिल म्हणजे शेपू. फक्त इथे तो फुलू देतात, त्यामुळे पिवळ्या छत्र्या धरलेला शेपू आपल्याला चटकन ओळखू येत नाही. फेनेल म्हणजे बडीशेप. तिचं पान तोंडात न टाकताही वासावरून कळतं. स्वीट बेसिल म्हणजे फालुद्यात ज्याचं बी पडतं तो सब्जा. थाइम चुरडलं की ओव्याचा वास येतो, आणि तो भास नाही. ओवा आणि थाइम ही दोन वेगळ्या कुळांतली झाडं आहेत, पण थायमॉल हे एकच द्रव्य दोघांतही असतं.

एक खेळ प्रत्येकाने करावा असा आहे. पुदिना, सेज, लॅव्हेंडर, सब्जा यांचा कोवळा देठ दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. तो गोल नसतो, चौकोनी असतो, कडा बोटाला लागतात. घरी आल्यावर अंगणातल्या तुळशीचा देठ असाच फिरवून बघा. ही सगळी एका कुळातली. उमेबोशी या जपानी लोणच्याला लाल रंग देणारं जपान्यांचं शिसो हेही त्याच घरचं.

आणि एक फसवं नातं. ‘करी प्लांट’ नावाची रुपेरी बारीक पानांची झुडुपं हर्ब बागांत असतात. वास खरंच मसाल्यासारखा येतो, पण त्याचा आपल्या कढीपत्त्याशी काही संबंध नाही. ते भूमध्य समुद्राकाठचं, पिवळ्या फुलांचं वेगळंच झाड आहे.

९. पानांना हात लावला तर चालतो? एखादं तोडून घेतलं तर?

हळुवार हात लावायला हरकत नसते, तोडायचं मात्र नाही. एकही पान नाही, खाली पडलेलं बीही नाही. तोडायची गरजही पडत नाही. पानाच्या पृष्ठभागावर अगदी बारीक तैलग्रंथी असतात. बोट नुसतं फिरवलं तरी त्या फुटतात आणि वास बोटावर उतरतो. रोझमेरीला देठाकडून शेंड्याकडे हात फिरवा, उलट फिरवलात तर पानं गळतात. दोन झाडांच्या मध्ये बोटं रुमालाला पुसा, नाहीतर पाचव्या झाडाला पहिल्याचाच वास येतो. ‘हात लावू नये’ अशी पाटी किंवा तसं चित्र असेल तिथे अर्थातच नाही.

१०. माथ्यावरचं सुगंध संग्रहालय आणि काचघर बघण्यासारखं आहे का? आत पाय शेकायची सोय असते म्हणे.

संग्रहालय लहान आहे, पण घाईत टाळू नका. वास येणारी द्रव्यं कुठून येतात, झाडातून तेल कसं काढतात ते तिथे कळतं. फुलं किंवा पानं पाण्याबरोबर उकळायची, वाफ थंड करायची, वर तरंगणारं तेल वेगळं करायचं. आपल्याकडे गुलाबपाणी आणि अत्तर ज्या रीतीने काढतात तीच ही रीत. त्यामुळे आजीच्या अत्तराच्या कुपीची ज्यांना आठवण आहे त्यांना हे सगळं परकं वाटत नाही.

काचघरात उष्ण प्रदेशातली झाडं आहेत आणि हो, हर्बच्या पाण्यात पाय सोडून बसायची सोयही आहे. समोर काचेतून शहर दिसतं. उतारावरून चालून आल्यावर यासारखं सुख नाही. छोटा टॉवेल आणि सहज काढता येणारे मोजे असू द्या.

११. आम्ही शाकाहारी आहोत (काही जण जैन). वर खायला मिळेल का?

वर रेस्तराँ आहे, कॅफे आहे, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. जपानी स्वयंपाकात ‘भाज्यांचं’ दिसणारं सूपसुद्धा बहुतेकदा दाशीवर, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या पाण्यावर केलेलं असतं आणि तयार करी-रूमध्ये (करीच्या तयार मसाल्याच्या वड्यांत) बहुतेकदा प्राण्यांची चरबी असते. वाढणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ते मांस नव्हे. म्हणून “व्हेजिटेरियन” एवढं सांगून भागत नाही. “निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देस” (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) हे वाक्य जपानीत लिहून फोनवर ठेवा. जैन मंडळींनी त्यात तामानेगी (कांदा), निन्निकु (लसूण) आणि जागाइमो (बटाटा) जोडावं.

माझा सल्ला असा: सकाळी पोटभर नाश्ता करा, वर हर्बचा चहा घ्या आणि जेवण खाली सान्नोमिया-कितानो भागात भारतीय रेस्तराँत करा. तिथे ती बरीच आहेत, कारण कोबेत भारतीय वस्ती जुनी आहे (प्रश्न १८). ठेपले, दशम्या, चिवडा जवळ असू द्या. डबा आत कुठे उघडलेला चालतो ते तिकीटखिडकीवरच विचारून घ्या.

१२. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला उंचीची भीती वाटते. जमेल का?

गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो, त्यामुळे प्रश्न ५ मधला माझाच सल्ला बाबांसाठी बाजूला ठेवावा लागेल. त्यांनी माथ्यावरच्या भागात निवांत फिरावं. तिथे गुलाबाची बाग, संग्रहालय, दुकान, बसायला बाकं सगळं आहे. तिथूनच रोपवेने परत यावं. बाकीच्यांनी चालत उतरून पायथ्याला भेटावं. काठी असेल तर आणाच. चपला नकोत, मागे पट्टा असलेले किंवा बंद बूट हवेत. आईला मी पहिल्या वेळी साध्या सँडलवर उतरवलं होतं, आणि तिच्या अंगठ्याचं नख महिनाभर काळंनिळं होतं.

उंचीची भीती असणाऱ्यांसाठी: रोपवेचा डबा बंद असतो, सहा जण बसतात, हेलकावे फार नसतात. पण काचा मोठ्या आहेत आणि मध्ये खाली खोल दरी, धबधबा आणि धरणाचं पाणी दिसतं. चढताना डोंगराकडे तोंड करून बसलं की बरंच सोपं जातं.

१३. पाच आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. कंटाळतील का?

पाच वर्षांच्या मुलाला रोपवे आणि मधल्या स्टेशनजवळची मोकळी उतरण आवडेल. नऊ वर्षांच्या मुलीला वासांचा खेळ द्या: डोळे बंद, पान नाकापाशी, स्वयंपाकघरातलं काय आठवतं ते सांगायचं. माझ्या भाचीने लेमन व्हर्बेनाला “भांडी घासायचा साबण” म्हटलं होतं आणि ते अगदी बरोबर होतं, कारण लिंबाचा वास दोन्हीकडे असतोच. बाबागाडी नेता येते, पण उताराच्या वाटेवर ती धरून उतरणं दमवणारं आहे.

१४. पाऊस असेल तर? रोपवे बंद पडतो का?

साध्या पावसात रोपवे चालू असतो, जोराच्या वाऱ्यात आणि विजा कडाडत असताना थांबवतात. सप्टेंबरात वादळांचा हंगाम असतो, तेव्हा सकाळी चौकशी केल्याशिवाय निघू नका. एकदा मी सहा पाहुण्यांना घेऊन चौकशी न करता गेले आणि वाऱ्यामुळे बंद असलेल्या फाटकापाशी सगळे उभे राहिलो. चूक माझी होती. तेव्हापासून निघायच्या आधी बघतेच.

हलक्या पावसात जायला मात्र अजिबात कचरू नका. ओल्या पानांना वास चांगला येतो आणि गर्दी नसते. डोंगरावर ढग उतरला तर समुद्र दिसणार नाही, एवढंच.

१५. मधल्या स्टेशनवरून पायीच खाली यावं का? वाटेत धबधबा आहे असं ऐकलं.

पाय चांगले असतील आणि पाऊस नसेल तर जरूर. ती वाट बागेच्या बाहेरची, डोंगरातली आहे. आधी नुनोबिकीचं गोहोनमात्सु धरण लागतं. १९०० साली पूर्ण झालेलं, ३३ मीटर उंचीचं हे जपानातलं सर्वांत जुनं काँक्रीटचं गुरुत्व धरण (स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं). दगडी तोंडामुळे ते किल्ल्याच्या भिंतीसारखं दिसतं. कोबे बंदरात येणाऱ्या जहाजांना इथलं पाणी भरून देत आणि विषुववृत्त ओलांडलं तरी ते खराब होत नाही अशी खलाशांत त्याची ख्याती होती.

त्याखाली नुनोबिकीचे चार धबधबे. सर्वांत मोठा ओन्ताकी ४३ मीटरचा. ‘नुनोबिकी’चा अर्थच ‘ताणलेलं कापड’. कड्यावरून पांढरं धोतर वाळत घालावं तसा तो दिसतो. हजार वर्षांपूर्वीच्या जपानी साहित्यातही त्याचा उल्लेख आहे. तिथून शिन-कोबे स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर, चक्क स्टेशनच्या पाठीमागे निघतं. पायऱ्या दगडी आणि ओलसर असतात. प्रश्न १२ मधल्या गुडघ्यांसाठी ही वाट मुळीच नाही.

१६. आम्ही हिरोशिमाहून येताना मध्ये उतरणार आहोत. बॅगांचं काय?

शिन-कोबे स्टेशनवर नाण्यांचे लॉकर आहेत. मोठ्या बॅगांचे लॉकर सुट्टीच्या दिवशी लवकर भरतात, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचा. त्याहून सोयीचं म्हणजे आदल्या दिवशी हॉटेलातूनच ‘ताक्क्युबिन’ या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने बॅगा पुढच्या हॉटेलात पाठवून द्या. सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. मोठी सुटकेस घेऊन बागेत जाण्याचा विचार करू नका.

१७. रात्रीचं दृश्य फार सुंदर म्हणतात. संध्याकाळीच गेलं तर?

दृश्य खरंच देखणं आहे. बंदराचे दिवे एका बाजूला, डोंगराचा काळोख दुसऱ्या. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, रात्रीपर्यंत रोपवे शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि उन्हाळ्यातच चालतो. इतर दिवशी आणि थंडीत पाचच्या सुमारास सगळं आटोपतं. दोन, संध्याकाळनंतर फक्त माथ्याचा भाग उघडा असतो, उतारावरच्या बागा बंद होतात आणि चालत खाली येता येत नाही. म्हणून शनिवारी दुपारी दोनला वर जा, बागांतून मधल्या स्टेशनपर्यंत उतरा, काचघरात बसा. रात्रीचं दृश्यही हवंच असेल तर क्रम बदला: माथ्याजवळच्या बागाच निवांत बघा आणि अंधार पडेपर्यंत माथ्यावर थांबा. दोन्ही पुरेपूर मिळत नाही, एक निवडावं लागतं. मी दर वेळी दिवस निवडते.

१८. उरलेल्या दिवसात जवळपास काय आहे?

कितानो. शिन-कोबेहून पंधरा मिनिटं चालत. १८६८ साली कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, त्यानंतर परदेशी व्यापाऱ्यांनी या चढावर घरं बांधली. त्यांतलं वातकुक्कुटाचं लाल विटांचं घर १९०९ सालचं. बंदराबरोबर भारतीय व्यापारीही आले. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर योकोहामातले बरेच भारतीय कोबेला आले. सिंधी, गुजराती, मोत्यांचे जैन व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. कितानोत १९८५ साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे. अरुंद गल्लीत, जपानी घरांच्या मधोमध ते अचानक समोर येतं तेव्हा पाय आपोआप थबकतात. चालत जाण्याच्या अंतरावर १९३५ ची कोबेची मशीद आहे. तिच्या उभारणीत भारतीय व्यापाऱ्यांच्या देणग्यांचा मोठा वाटा होता. १९९५ च्या भूकंपातही ती उभी राहिली.

१९. तिथलं रोप किंवा बी घरी आणता येईल का? बाल्कनीत लावायचंय.

मोह मलाही होतो, पण सहज आणता येत नाही. भारतात रोपं, कलमं, बी आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निघालेल्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दुकानातल्या बंद पाकिटातल्या बियांनाही तो नियम सुटत नाही आणि कुंडीतली माती तर आणूच नये. तो उगाचचा जाच नाही. मातीतून, बियांतून येणारी कीड आणि बुरशी शेतंच्या शेतं उद्ध्वस्त करू शकते.

हे उलट दिशेनेही लागू आहे. येताना ताजा कढीपत्ता, तुळशीचं रोप, दवण्याची डहाळी, आंबे पिशवीत टाकून जपानला निघू नका. प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर ते काढून घेतात.

रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइमची रोपं पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतही मिळतात. तीच घ्या, पावसाळ्यात ती आडोशाला ठेवा आणि पाणी कमी घाला. ही झाडं पाण्याअभावी मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात.

२०. मग दुकानातून काय आणावं? सुगंधी तेल विमानात चालतं का?

वाळवलेल्या हर्बचा बंद पाकिटातला चहा, साबण, वासाच्या छोट्या पिशव्या घरच्या वापरापुरत्या आणायला अडचण येत नाही. कस्टम्सने विचारलं तर पाकीट न फोडता दाखवा. तेल, मध, जॅम हे विमानतळावर द्रवच धरतात, म्हणून हातातल्या बॅगेत प्रत्येकी १०० मिलिलिटरच्या आतली बाटली हवी. त्याहून मोठी असेल तर मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन प्लास्टिक पिशव्यांत. तेल एकदा सांडलं की पुढचे दोन महिने सगळ्या कपड्यांना तोच एक वास येतो. सुगंधी तेलं ज्वलनशील असतात, त्यामुळे जास्त घ्यायची असतील तर विमान कंपनीला आधी विचारा.

२१. मला दमा आहे / ॲलर्जी आहे / मी गरोदर आहे. जावं का?

मोकळ्या हवेत फिरायला बहुतेकांना त्रास होत नाही. दमा असणाऱ्यांनी पंप खिशात ठेवावा आणि संग्रहालय, दुकान अशा बंद जागांत फार वेळ थांबू नये. तिथे वास साठलेला असतो. गरोदर बायकांनी हर्बचे चहा आणि तेलं डॉक्टरांना विचारूनच वापरावीत. नुसतं बागेत फिरायला हरकत नसावी, पण उतार जपून.

एक इशारा खास आपल्याकडच्यांसाठी. ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे, हातापायांवर खाज आणि चट्टे उठतात, त्यांनी कॅमोमाइल चुरडू नये आणि त्याचा चहाही घेऊ नये. गाजरगवत आणि कॅमोमाइल एकाच कुळातली आहेत, शेवंतीही त्यातलीच, आणि एकाची ॲलर्जी असलेल्या माणसाला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. कॅमोमाइल ओळखायचं कसं? पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी घुमटी, बारीक चिरलेल्या शेपूसारखी पानं आणि जवळ गेलं की पिकल्या सफरचंदाचा वास. तेवढा वास लांबूनच घ्या.